पाचवी कुठाय

सोमवार, ८ डिसेंबर

वकील म्हणाला, "काकी, घरी कोण येतं, काय विचारतं ते लिहीत जा. पुढे कोर्टात लागेल." म्हणून तेजूच्या गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षर चुकलं तर कोर्टाने समजून घ्यावं.

आज तीन गाड्या आल्या. एक कॅमेरेवाला गोठ्याच्या छपरावर चढला, दोन कौलं फोडली. एक पोरगी माइक पुढे करून म्हणते, "आजी, लहानपणी तो प्राण्यांना मारायचा का?" म्हटलं, "कोंबडी मारायचा. तुम्ही खाता ती काय आपल्या पायाने ताटात येते?" सगळे हसले. मी झाडू घेतला. "मेल्यांनो, कौलं भरून द्या नाहीतर तो कॅमेरा गिळायला लावीन एकेकाला." त्याचंही शूटिंग केलं.

कोर्टासाठी लिहायचं तर नीट लिहिते. दीपक माझा मुलगा. टेम्पो चालवायचा. पहाटे नाटे गावच्या बंदरावरून मासेवाल्या बायकांना घेऊन गावोगाव सोडायचा. गेल्या वर्षीच्या गणपतीत पोलिसांनी धरला. चार बायांची मढी मिळाली. पाचवी मीच मारली असं म्हणतो, पण कुठे टाकली ते सांगत नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला 'सड्याचा सैतान' नाव ठेवलंय. सड्यावर, त्या वरच्या कातळमाळावर, हा जन्मात गुरं घेऊन गेला नाही. उन्हाने डोकं दुखायचं त्याचं.

बुधवार, १० डिसेंबर

माझं झाडू घेतलेलं चित्र फोनवर फिरतंय. मागे ढोलकी लावलीय. तेजूने दाखवलं. तेजू म्हणजे दीपकची मुलगी, बारावीला आहे. सून गेली माहेरी मुंबईला, पोरगी परीक्षेसाठी माझ्याकडे राहिली. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते तिने वाचून दाखवलं. 'आजी रॉक्स.' 'सैतानाची आई कडक.' एका मुलीने लिहिलंय, डोळे बघा त्याचे, मी तर त्याच्या टेम्पोत बसले असते.

मी विचारलं, "ही कोण?"

"कोणीतरी पुण्याची."

"तिला आईबाप आहेत का?"

तेजूने फोन उलटा ठेवला. संध्याकाळी न्हाणीत गेली ती केस कापून बाहेर आली. कात्री गवत कापायची. एक बाजू वर, एक खाली. मी दुसरी बाजू सारखी करून दिली. केस बंबात टाकले, वास सुटला. आमटीत मीठ दोनदा पडलं, तेजू म्हणाली. मला काही लागलं नाही, मी जेवले.

रविवार, १४ डिसेंबर

मुंबईहून नम्रता म्हणून एक बाई आली. ही आरडाओरडा करणारी नाही. चपला पायरीखाली काढल्या, मिठाईचा खोका आणला, पाया पडली. ही दीपकवर मालिका करतेय. फोनवर बघतात त्यातली. पहिले सहा भाग झालेत म्हणे. दीपकचं काम करणारा नट दीपकपेक्षा उंच आहे.

"आजी, पुढच्या भागांसाठी तुमची बाजू हवी."

"माझी बाजू कसली. मी काय भिंत आहे?"

हसली. मग हळूच म्हणाली, "ते आम्हाला पत्र लिहितात. पाचवीचं ते फक्त आमच्या कॅमेऱ्यासमोर सांगणार आहेत. कोर्टाची परवानगी मिळाली की झालं."

"कोण ते?"

"दीपकसर."

मी चहा ठेवायला उठले. दूध नासलं होतं, तसाच दिला. प्यायली बिचारी. जाताना म्हणाली, सगळा देश विचारतोय, पाचवी कुठाय. तेच नाव ठेवणार आहोत.

तिला नाव आहे. फातिमा. नाट्याची. वीस वर्षं मंगळवारी नि शुक्रवारी माझ्या दारापुढच्या खळ्यात पाटी उतरवायची. बांगड्याच्या वाट्यावरून दरवेळी भांडायची माझ्याशी. "म्हातारे, तुझ्या कोकमात काड्याच जास्त." मी म्हणायचे, "तुझ्या बांगड्यात काटेच जास्त." मालिकेत तिचा भाग नाही. मिळाली नाही म्हणून.

मंगळवार, १६ डिसेंबर

फातिमाचा नवरा आला. गनी. मागल्या पाखाडीच्या पायऱ्या चढून आला, कॅमेरेवाले पुढच्या बाजूला असतात म्हणून. पडवीत बसेना. उभाच.

"मावशी, बोलू?"

"बोल."

"दोन वर्षं झाली. मला कोणाला फाशी द्यायची नाही. ती कुठे आहे तेवढं विचारा त्याला. नमाज पढून मातीत ठेवायचीय. पोरगी रोज विचारते, अम्मीची कबर कुठली. बाकीच्यांच्या आया कबरस्तानात आहेत, तिची नाही."

"मला सांगत नाही तो. पोलिसांना सांगत नाही."

"टीव्हीवाल्यांना सांगणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. मावशी, तुमच्या देवीचा कौल घेऊन बघा. मी दर्ग्याला जाऊन आलो. आता ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं. मी कोणाचंही ऐकेन."

मी त्याला पाणी दिलं. पाणी प्यायला. माझ्या घरचं पाणी प्यायला तो.

शुक्रवार, १९ डिसेंबर

भिकाजी गुरवाकडे गेले. देवीचा कौल तोच लावतो. लग्न ठरत असेल, म्हैस हरवली असेल, विहीर कुठे खणायची असेल, आमच्याकडे भिकाजीशिवाय पान हलत नाही. मला बघून त्याने दाराची अर्धी फळी लावली.

"काशीबाय, तुमच्या घरचा कौल मी कसा लावू? गाव काय म्हणेल?"

"माझ्या घरचा नाय. गनीच्या घरचा."

"तो तर..."

"देवीने कधी जात विचारली तुला? म्हैस हरवते तेव्हा म्हशीची विचारते?"

भिकाजीची बायको आतून म्हणाली, "लावा हो. ती फातिमा आपल्याकडेपण यायची. तिची सुकट खाल्लीय तुम्ही." तेव्हा रविवारी ये म्हणाला.

रविवार, २१ डिसेंबर

कौल लावला. गनी देवळाच्या पायरीखाली उभा. भिकाजीने ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि मोठ्याने विचारलं, "आई, ती बाई सड्याच्या अंगाला असेल तर उजवी दे, खाडीच्या अंगाला असेल तर डावी दे." बराच वेळ काही पडेना. मला वाटलं, देवीही कॅमेरा येईस्तोवर थांबलीय. आणि तसंच झालं. कोणी सांगितलं कोण जाणे, दोन पोरं धावत आली, फोन वर धरले, आणि उजवी कळी पडली.

मंगळवार, २३ डिसेंबर

सड्यावर जत्रा भरली. पोलीस, गाववाले, कॅमेरे, भेळवाला. गावातल्या महिपतचा गुरांचा मांगर पडलाय, त्याच्याजवळ माती मऊ लागली म्हणून खणलं. बैलाची हाडं निघाली. टीव्हीवर लिहून आलं, 'देवीचा कौल: पाचवी सापडणार?' बैल दाखवला नाही.

एक मुंबईचा पोरगा दीपकचं तोंड छापलेला बनियन घालून फिरत होता. गनीच्या बाजूलाच उभा राहून स्वतःचा फोटो काढत होता. गनी त्याला म्हणाला, "जरा सरका, पाय खड्ड्यात जाईल." तेवढंच म्हणाला.

बुधवार, ३१ डिसेंबर

रत्नागिरीच्या तुरुंगात जाऊन दीपकला भेटले. मधे काच. फोनवरून बोलायचं.

शिपाई आधीच म्हणाला होता, "काकी, तुमच्या मुलाचा टीव्ही, पेपर, पत्रं सगळं साहेबांनी बंद केलंय. पेपरातले स्वतःचे फोटो कापून इतरांना सही करून द्यायचा."

फोन उचलला आणि पहिलं काय विचारलं तर, "बाहेर काय चाललंय?" तू कशी आहेस नाही, तेजू कशी आहे नाही. वजन वाढलंय त्याचं. दाढी नीट केली होती.

मी काही ठरवून गेले नव्हते. पण त्याचं ते तोंड बघितलं आणि जीभ सुटली.

"चाललंय भिकाजी गुरवाचं."

"कोण भिकाजी? आपला?"

"कौल लावला. देवीने सांगितलं, पोलिसांनी खणलं, फातिमा मिळाली. भिकाजीला फेटा बांधला. त्याच्या पडवीत कॅमेरे ठेवायला जागा नाही."

आधी हसला. "कुठे मिळाली?"

"सड्यावर. महिपतच्या मांगराकडे."

"शक्यच नाही."

"तुला शक्य नसेल. हाडं मिळाली, मी बघितली." हाडं मी बघितली होती, हे खरंच.

"आई, ती दुसऱ्या कोणाची तरी. मला बाजूला सारायला बघतायत." काचेला तोंड लावून बोलायला लागला. काच धुरकट झाली. "आणि माझ्याबद्दल काय म्हणतात?"

"तुझं काय? मिळाली, विषय संपला. आता सगळे भिकाजीला विचारतात, पुढच्या निवडणुकीत कोण येणार."

तसा तो उठला नि परत बसला. "भिकाजीला म्हशीचं शेण ओळखता येत नाही! सड्यावर नाहीच ती. धरणाच्या वाटेवरची जुनी चिरेखाण, पाणी भरलेली. कडेला तुटक्या चिऱ्यांचा ढीग आहे, त्याच्याखाली. जाऊन सांग त्यांना. दीपकने सांगितलं म्हणून सांग. आधी नम्रताबाईंना सांग."

"बरं."

"नाव सांगशील ना?"

"बरं म्हटलं ना."

लहानपणी गोट्यांत हरला की असाच करायचा. दुसऱ्याचा नेम चुकीचा कसा, ते सांगताना स्वतःची लपवलेली गोटी दाखवायचा. बाहेर येऊन वडापाव घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा पिशवीत राहिला, घरी आल्यावर तेजूने टाकला.

शुक्रवार, २ जानेवारी

मिळाली. चिऱ्यांच्या ढिगाखाली.

काल सकाळीच फौजदाराकडे जाऊन सांगितलं होतं. म्हटलं, माझं नि त्याचं दोघांचंही नाव काढू नका. म्हणाला, "तुमच्या मनासारखं होईल आजी." आज संध्याकाळी टीव्हीवर: 'आईच्या मायेपुढे सैतान वितळला.' वितळला कसला. तापला होता.

गनीने गळ्यातला ताईत ओळखला. तरी मुंबईहून तपासणी होऊन यायची म्हणे, तोवर ताब्यात देत नाहीत.

रात्री सगळ्या टीव्हींवर दीपक. फातिमाचा फोटो कुणाकडे नाही. तिच्या जागी काळी बाहुली काढली होती, पदर घेतलेली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गनी आला, मागच्याच वाटेने. परवा, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की माती देणार.

मी म्हटलं, "मी येते. बायका आत जात नाहीत ठाऊक आहे मला. बाहेर उभी राहीन."

तो खाली बघतच म्हणाला, "मावशी, राग मानू नका. तुम्ही नको. तुम्ही जिथे जाता तिथे ते येतात."

"राग कसला."

"ते तसेही येणार. पोरीने दार लावून घेतलंय. म्हणते, अम्मीला पण टीव्हीवर पुरणार काय."

तो गेल्यावर तांदूळ निवडत बसले. निवडून झाले तरी निवडत होते. तेजू म्हणाली, "आजी, तू खडे परत तांदळात टाकतेयस."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

नम्रताला काल तेजूच्या फोनवरून सांगितलं होतं, उद्या बोलते, सगळं बोलते, पण दुपारी, आणि सगळ्यांसमोर. हिने कोणाला सांगितलं, त्याने कोणाला. बारा वाजता खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नाट्याला गेलेल्या गाड्यासुद्धा वळून आल्या. भेळवाला आला.

खुर्ची टाकून बसले. नवं लुगडं नेसले. पोरांनी माइक पदराला टोचला.

सांगायला लागले. जन्मला तेव्हा ग्रहण होतं. (नव्हतं. उन्हाळ्यातला मंगळवार होता, दायी उशिरा आली.) दात आले तेच पुढचे दोन आधी, टोकदार. रात्री उठून बसायचा, भिंतीशी बोलायचा. एकदा नाग अंगावरून गेला तर हसला. माझं मलाच नवल वाटत होतं, कुठून येतंय. त्यांचे डोळे असे, लहान पोरांना भुताची गोष्ट सांगावी तसे. कोणी घड्याळ बघितलं की मी म्हणायचे, "आणि एक गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही," की परत सगळे टवकारून.

नम्रताने विचारलं, "आजी, तुम्हाला कधी कळलं, हा वेगळा आहे?"

ते एक खरं सांगितलं. "मला कळलं नाही. मी रोज त्याला डबा द्यायचे." त्यावर कोणी पुढे विचारलं नाही. परत नागाचं विचारलं.

ऊन गोठ्यापर्यंत आलं तेव्हा गनीचा फोन तेजूला आला. तेजूने दारातून मान हलवली. मी माइक काढून ठेवला. म्हटलं, "संपलं. आता जा, मला गुरं सोडायचीत." गुरं दोन वर्षांपूर्वीच विकली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

कबरस्तानात एकही कॅमेरा नव्हता. गनीने कळवलं. तेवढंच हवं होतं मला.

पण टीव्हीवर दिवसभर मी. नि नाग. नि ग्रहण. त्या पुण्याच्या पोरीसारख्या किती पोरी आता लिहितायत, तो जन्मतःच वेगळा होता, त्याचा काय दोष.

तेजू बोलली. जोरात नाही बोलली. "आजी, तू त्याला मोठा करून ठेवलास. मला आता जन्मभर विचारतील, तुझ्या बापाला दात आधी आले का. तुझ्या अंगात पण आहे का तसलं काही."

"फातिमासाठी केलं."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर मला काही बोलता येत नाही."

सोमवारी तिची अलोरे गावची मावशी येऊन तिला घेऊन जाणार. परीक्षा तिथून देईल. मी तिचे कपडे घडी केले. कापलेल्या केसांमुळे मान एवढीशी दिसते तिची.

बुधवार, ११ फेब्रुवारी

परत भेटले त्याला. कोर्टासाठी लिहिते, नाहीतर लिहिण्यासारखं काही नाही.

"काय झालं? सापडली ना? काय दाखवलं?"

"सापडली. फातिमाचं दाखवलं. तिचा फोटो, तिचा नवरा, तिची पोरगी. फार लोक आले होते मातीला."

"आणि मी?"

"तुझं काय?"

"मी सांगितलं, ते?"

"पोलिसांनी शोधली म्हणतात."

"नम्रताबाई?"

"ती गेली. घाटावर कोणी नवीन धरलाय, त्याच्याकडे. त्याच्या सात आहेत म्हणे."

फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाला, "खोटं बोलतेस तू."

"मग बाहेर येऊन बघ."

त्याने फोन जाग्यावर ठेवला नाही, तसाच सोडला. तो वायरीला लोंबकळत राहिला. शिपायाने त्याला उठवून नेलं. मागे वळला नाही. मीही हाक मारली नाही. पंधरा दिवसांनी परत जायचं. तेव्हाही हेच सांगायचं, नि त्याच्या पुढच्या वेळीही. त्याला दुसरं कोणी भेटायला येत नाही.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई, चांगली शिकलेली, कानात वायर घालून फोनवर दीपकचं बघत होती. मला ओळखलं नाही तिने. डोक्यावरून पदर घेतला होता मी.

मधेच एक फोटो आला, मोठा, थांबलेला. तेजूच्या बारशाचा. सुनेकडेच असणार तो. दीपक हसतोय, बाकीचे सगळे कापून टाकलेत. फक्त त्याच्या खांद्यावर एक हात राहिलाय, मनगटाच्या वरून कापलेला, हिरव्या बांगड्यांचा. बारशासाठी मी नव्याने भरल्या होत्या त्या.

बाईने कानातली वायर काढली. "बघा हो आजी, किती साधा दिसतो, नाही? वाटतं का असं काही करील?" फोन माझ्याजवळ धरला. "आणि हा हात कोणाचा असेल? त्या पाचांतलीच कोणी असेल का हो?"

म्हटलं, "असेल."

"बाई गं," ती म्हणाली, नि फोटो बोटांनी मोठा करून हात बघायला लागली.